नाकाबंदी म्हणजे बंद नव्हे

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून भाच्याचा मित्र महिनाभर मागे लागला होता. मी विचारलं, "काय लिहू?" तर म्हणाला, "मावशी, नाकाबंदीचे अनुभव लिहा ना. जरा थरारक पाहिजेत." मी म्हटलं, बाबा रे, नाकाबंदीत थरार असतो पाच मिनिटं, बाकी आठ तास नुसते पाय दुखतात. ते तुझ्या अंकात छापणार का? तो हसला आणि म्हणाला, छापतो. म्हणून लिहायला बसले आहे. थरार शोधायला कोणी आलं असेल तर त्याने पान उलटावं, मी रागावणार नाही.

मी पोलीस खात्यात शिपाई म्हणून लागले आणि सहायक फौजदार म्हणून गेल्या वर्षी निवृत्त झाले. घाटकोपरच्या चाळीतली मुलगी. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले. माझी पहिली नाकाबंदी लागली तेव्हा आईने शेजारणीला आमच्या मालवणीत सांगितलं होतं, "चेडवाक आज नाकबंदी आसा," म्हणजे मुलीला आज नाकाबंदी आहे, आणि शेजारीण माझ्यासाठी निलगिरीचं तेल घेऊन आली होती. आमच्या घरी सर्दी झाली की अजूनही म्हणतात, आज माझी नाकाबंदी.

हा शब्दच मुळात फसवा आहे. लोकांना वाटतं नाकाबंदी म्हणजे रस्ता बंद. तसं नाही. लोखंडी बॅरिकेड्स तिरपी लावायची, एक डावीकडून, पुढचं उजवीकडून, म्हणजे गाडीला वळत वळत हळू यावं लागतं. मधे एका गाडीपुरती गॅप सोडायची. एक माणूस गॅपवर उभा राहून आत बघतो. दुसरा शंभर पावलं आधी उभा असतो, कारण खरा बदमाश बॅरिकेड बघितल्यावर गाडी वळवतो, त्याला तिथेच पकडायचं असतं. बस, एवढंच तंत्र. माझ्या पहिल्या साहेबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सावंत, एक लक्षात ठेव. नाकाबंदी म्हणजे बंद नव्हे. ती गॅप आहे ना, ती म्हणजे नाकाबंदी. बॅरिकेड काय, कोणीपण लावतं. गॅपवर उभं राहायला डोकं लागतं." मी मान डोलावली. ऐकलं मात्र नाही, हे पुढे कळेलच.

सुरुवातीला मला नाक्यावर नेत ते गाडीत बाईमाणूस असलं तर तिची पर्स बघायला. बाकी वेळ पुरुष शिपायांच्या मागे उभं राहायचं. पण माणसं बघायला मिळाली. गोरेगावला एकदा एका गाडीची काच खाली झाली, आत खांद्यावर तीन स्टार. मी खाडकन सॅल्यूट मारला. साहेबांनीही रुबाबात सॅल्यूट घेतला. गाडी सोडता सोडता माझी नजर खाली गेली, तर साहेबांच्या पायात निळ्या पट्ट्याची रबरी स्लीपर. शूटिंगवरून जेवायला निघालेला ज्युनिअर आर्टिस्ट होता तो. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, वीस वर्षं झाली लाईनमध्ये, खऱ्या पोलिसाने सॅल्यूट आजच केला. परत घेऊ नका ना." मी नाही घेतला परत.

मालाडला एका कोळणीची टोपली उघडायला लावली होती आमच्या नव्या शिपायाने. ती म्हणाली, "उघड ना, पन आदी नाक बंद कर, मंग व्हईल तुजी नाकाबंदी." सगळा रस्ता हसला. शिपाई गोरा होता, लालभडक झाला.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण मी ज्यासाठी लिहायला बसले ते यातलं नाही. ते सांगायचं टाळते आहे म्हणून हे आधी सांगितलं.

लॉकडाऊन लागला तेव्हा माझी ड्युटी मुलुंड चेकनाक्यावर होती, दिवसपाळी. हा नाका म्हणजे मुंबईचं टोक. या बाजूला आम्ही, पलीकडे ठाण्याचे पोलीस. दोघांची बॅरिकेड्स समोरासमोर, मधे वीसेक पावलांची मोकळी जागा. पास असेल तो जाणार, नसेल तो घरी. वायरलेसवर दिवसातून दहा वेळा एकच, नाकाबंदी कडक करा, नाकाबंदी कडक करा. आम्ही सगळे घाबरलेले होतो, हे आता सांगायला लाज नाही. आमच्यातलेच आजारी पडत होते. मी घरी गेले की बाथरूममध्ये युनिफॉर्म भिजवून मग मुलाला तोंड दाखवायचे. आणि माणूस घाबरला की कडक होतो. मी तर आधीच कडक. माझ्या नाक्यावरून मुंगी जात नाही असं सहकारी म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

एके दिवशी दुपारी चारच्या सुमारास एक म्हातारे गृहस्थ पिशवीत डबा घेऊन चालत आले. पांढरा झब्बा, नाकावर रुमाल बांधलेला. लोकांना लांब लांब उभं करायला आम्ही चुन्याची वर्तुळं काढली होती, त्यातल्या एकात ते बरोबर मधोमध उभे राहिले.

"नमस्कार. मी करंदीकर. इथेच मुलुंड पश्चिमेला राहतो. पलीकडे जायचंय."

"पास?"

"पास नाही. पण तुम्ही मला तपासा ना."

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांची बायको उषाताई नाक्यापलीकडे, पन्नास पावलांवर, वृद्धांच्या शुश्रूषागृहात होती. विसरण्याचा आजार. मुलं नाहीत, घरी एकट्याला सांभाळणं जमेना म्हणून दोन वर्षांपूर्वी तिथे ठेवलं होतं. नाव, गाव, सगळं एकेक करून गेलं होतं तिचं. फक्त यांना ओळखायची, कारण हे एक दिवस न चुकता रोज चार वाजता जायचे आणि स्वतःच्या हाताने तिला भरवायचे. साथीमुळे आत कोणाला घेत नव्हते, पण खोली तळमजल्यावर होती, खिडकीच्या गजांतून भरवायची परवानगी त्यांनी मिळवली होती. कालपर्यंत ते मागच्या गल्लीतून जात, ती आज बांबू लावून बंद झाली होती.

"एक दिवस जरी चुकला ना बाई, तरी ती मला विसरेल. डॉक्टर म्हणालेत."

हे सांगताना त्यांनी झब्ब्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि हात पुढे केला. मी काठीनेच खूण केली. "कागद लांब ठेवा, काका. मी कोणाच्या हातातलं काही घेत नाही." त्यांनी कागद परत खिशात ठेवला. पुन्हा काढला नाही.

माझ्याकडे आदेश होता. आमच्या ग्रुपवर फोटो आला होता, त्यात स्वच्छ लिहिलेलं, ज्येष्ठ नागरिकांना घराबाहेर पडण्यास मनाई. मी तो त्यांना मोबाईलवर लांबूनच दाखवला.

ते म्हणाले, "हो, पण आपण नाकाबंदी करताय, मज्जाव नाही. मी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होतो, शब्दांचीच नोकरी. रास्ता रोको लोक करतात आणि पोलीस हटवतात. बंद पुढारी करतात. कोंडी कोणीच करत नाही, ती होते. वेढा शत्रूला. आणि नाकाबंदी म्हणजे नाक्यावर थांबवून बघणं, कोण आहे, कशाला चाललाय. बघून मग सोडणं किंवा न सोडणं. तुम्ही बघतच नाही आहात."

मला राग आला. भर उन्हात पीपीई किट नाही, पाणी नाही आणि हा माणूस मला मराठी शिकवतोय. मी म्हटलं, "काका, घरी जा. तुमच्याच जिवासाठी आहे हे."

पण ते गेले नाहीत. वर्तुळात उभे राहिले. साडेचार झाले. मग माझाच जीव राहिना. मी पलीकडे हाक मारली. ठाण्याच्या बाजूला भोईर म्हणून हवालदार होता, भिवंडीकडचा, आडव्या अंगाचा, मिशीवाला. रोज समोरासमोर उभं राहून ओळख झाली होती. त्याला म्हटलं, एवढा डबा शुश्रूषागृहात देशील का? तो म्हणाला, "दे ना मॅडम, त्याला काय." काकांनी डबा मधल्या मोकळ्या जागेत ठेवला, मागे आले, मग भोईरने उचलला. पाऊण तासाने डबा तिथल्या ताटात रिकामा होऊन त्याच वाटेने परत आला.

त्या रात्री मी घरी सांगितलं, आज एक चांगलं काम केलं. खरंच तसं वाटत होतं मला.

मग ते रोजचंच झालं. चार वाजता काका येणार, वर्तुळात उभे राहणार, डबा ठेवणार, रिकामा डबा येईपर्यंत थांबणार. पुन्हा सोडा म्हणाले नाहीत. गप्पा मात्र मारायचे. आमच्या बंदोबस्ताच्या फलकावरची वेलांटी चुकली आहे हे त्यांनी तिसऱ्या दिवशी दाखवलं आणि मी ती खडूने सुधारली. एकदा म्हणाले, "आमची उषा शिवणकाम करायची. सुईच्या भोकाला ती नाकं म्हणायची. डोळे अधू झाल्यावर मलाच सांगायची, अहो, जरा नाक्यातून दोरा घालून द्या. म्हणजे बघा सावंतबाई, नाकं हे जाण्यासाठीच असतं." मी हसले. मला वाटलं, म्हातारा वेळ घालवतोय.

भोईर पलीकडून ओरडून खबर द्यायचा. पहिले तीन दिवस म्हणाला, "म्हातारी काय खात नाय मॅडम. दाराकडं बघत बसते नुस्ती." मी हे काकांना सांगितलं नाही. सांगितलं, खाल्लं थोडं. मग भोईरलाच वाईट वाटायला लागलं. ड्युटीतून दहा मिनिटं काढून तो स्वतः खिडकीशी जाऊ लागला. "आजी, मी भोईर, घास घ्या, आजोबांनी पाठवलाय," असं करत चमच्याने भरवू लागला. सहाव्या दिवशी म्हणाला, "आज चार घास खाल्ले." त्या दिवशी काकांनी दोन्ही हात जोडून पलीकडे भोईरला नमस्कार केला. भोईरने लाजून टोपी सारखी केली.

अकराव्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. दुपारी पडल्या पडल्या मोबाईल चाळत होते. ग्रुपवर मागे मागे जाताना तो आदेशाचा फोटो दिसला. त्याच्याखाली आणखी एक फोटो होता, अस्पष्ट, करडा, मधे बाण. त्या दिवशी माझ्या फोनचं नेट संपलं होतं आणि तो उघडलाच नव्हता. पहिला उघडला, त्यात मला पाहिजे ते होतं, मी पुढे गेलेच नाही. आता घरच्या वायफायवर बोट लावलं आणि तो उघडला.

आदेशाचं दुसरं पान होतं ते. सवलती. चौथी ओळ अशी की आजारी वा परावलंबी व्यक्तीची देखभाल करणाऱ्या जवळच्या नातेवाइकास, वयाची अट न लावता, नाक्यावर तपासणी करून सोडण्यात यावे.

तपासणी करून सोडण्यात यावे. मी ते पाच-सहा वेळा वाचलं. पहिल्याच दिवशी तो माणूस मला हेच सांगत होता, तपासा मला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता काका आले. वर्तुळात उभे राहिले. मी स्वतः बॅरिकेड बाजूला केलं. "काका, जा तुम्ही. तुम्हीच भरवा."

ते जागचे हलले नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाले, "नवीन आदेश आला का?"

तिथे एक क्षण होता. मी सांगू शकले असते, काका, नवीन नाही, जुनाच आहे, मी दुसरं पान वाचलं नव्हतं. आजूबाजूला माझा स्टाफ होता. माझ्या तोंडून निघालं, "हो."

"बरं झालं," ते म्हणाले. थोडा जास्तच वेळ बघितलं त्यांनी माझ्याकडे. मग डबा छातीशी धरून त्या गॅपमधून गेले. जवळजवळ पळतच गेले.

तासाभराने परत आले तेव्हा चालीवरूनच मला कळलं. वर्तुळात उभं राहायची आता गरज नव्हती, तरी ते सवयीने उभे राहिले.

"खाल्लं का हो आजींनी?"

"खाल्लं. पूर्ण डबा खाल्ला." मग म्हणाले, "मला भोईर म्हणाली."

मला आधी अर्थच लागला नाही. त्यांनी समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं. चार वाजता खिडकीशी येऊन भरवतो तो भोईर, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. रुमालाआडचा चेहरा तिला कोणाचाही चालत होता. "मी म्हटलं, उषा, मी आहे. तर म्हणाली, हो हो, भोईर ना, या."

पलीकडे भोईरला हे कळलं तेव्हा तो टोपी काढून खाली बसला. माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. चूक माझी होती, पण त्याला वाटत होतं आपणच कोणाचं तरी काहीतरी घेतलं.

काका त्यानंतर रोज जात राहिले. नाका उठला, पास गेले, आम्ही गेलो, तरी जात राहिले. मी त्या भागात ड्युटीला असले की दिसायचे. लांबून हात करायचे. एकदा म्हणाले, "सावंतबाई, तुम्ही होतात म्हणून डबा तरी जात होता. नाहीतर उपाशी राहिली असती ती." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं असेल बाई लाजल्या. दीड वर्षाने उषाताई गेल्या असं मला भोईरने फोन करून सांगितलं. मी अंत्ययात्रेला गेले नाही. काय तोंडाने जाणार होते?

नोकरीत असताना माझ्याकडून चुका झाल्या नाहीत असं नाही. एकदा चुकीच्या माणसाच्या कानशिलात मारली आहे, त्याची माफी मागितली, त्याने दिली. पण हा "हो" माझ्या घशात अडकून राहिला. जुनं दुखणं थंडीत उठतं तसा चार वाजले की उठायचा.

निवृत्तीचा समारंभ झाला. सगळ्यांनी भाषणात सांगितलं, सावंत मॅडमच्या नाक्यावरून मुंगी जायची नाही. टाळ्या पडल्या. मला ते ऐकवेना. दुसऱ्याच दिवशी पत्ता काढून मी मुलुंडला करंदीकरांच्या घरी गेले.

दार त्यांनीच उघडलं. खूप वाळले होते. मला ओळखलं नाही. ओळखणार कसं, त्यांनी माझं तोंड कधी पाहिलंच नव्हतं, कायम मास्क. मी म्हटलं, "काका, मी सावंत. नाक्यावरची." तसे आवाजाने ओळखून हसले. "या, या. बरं झालं आलात. तोंड पहिल्यांदाच बघतोय तुमचं."

त्यांनी स्वतः चहा केला. कप हातात घेऊन मी सांगायला सुरुवात केली आणि मला रडू कोसळलं. खात्यात असताना मी कोणासमोर रडले नव्हते. तसंच अडखळत सगळं सांगितलं. दुसरं पान, करडा फोटो, तो "हो". म्हटलं, काका, तुम्हाला पहिल्या दिवसापासून जायचा हक्क होता. मी अडवलं तुम्हाला. अकरा दिवस. माझ्यामुळे आजी तुम्हाला विसरल्या.

ते उठले. कपाटातून एक कागद घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवला. घड्या पडून पडून चार तुकडे व्हायला आलेला. त्यावर सुवाच्य अक्षरात, हाताने उतरवून घेतलेलं, आदेशाचं दुसरं पान. शेजाऱ्यांच्या मोबाईलवरून त्यांनी लिहून घेतलं होतं. चौथ्या ओळीखाली रेघ होती. आणि लाल शाईने शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या होत्या.

तोच कागद. मी हातात न घेतलेला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "मग पुन्हा दाखवला का नाहीत? ओरडायचं होतं माझ्यावर. साहेबांकडे जायचं होतं."

"सावंतबाई, मी जन्मभर कागदावरच्या चुका दाखवल्या. समोरच्या माणसाला त्याची चूक दाखवायला मला कधी जमलं नाही. छापखान्यातही नाही, घरीही नाही. दुसऱ्या दिवशी दाखवीन, दुसऱ्या दिवशी दाखवीन, असं करत अकरा दिवस गेले. आणि तुम्ही इतक्या आपुलकीने डबा पोचवत होतात, मला वाटलं, आता कागद काढला तर तुम्हाला वाईट वाटेल." त्यांनी कागदाच्या घड्या बोटांनी सपाट केल्या. "तेव्हा अर्धे दिवस माझ्या नावावर लिहा."

चहावर साय धरली होती.

"आणि एक सांगतो. ती मला विसरली असं तुम्ही म्हणता ना, ते तेवढं बरोबर नाही." त्यांनी कागदाची पुन्हा नीट घडी केली. "ती मला भोईर म्हणायची हे खरं. पण शेवटपर्यंत, रोज, पहिला घास घ्यायच्या आधी विचारायची, 'भोईर, आमचे हे आजपण नाही का हो आले?'"

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"काय सांगणार? म्हणायचो, येत होते आजी, पण नाक्यावर अडवलंय. तिथल्या बाई कडक आहेत, पण मनाने चांगल्या आहेत. उद्या सोडतील."

"आणि त्या?"

"ती म्हणायची, 'बरं, मग उद्या.' आणि तोंड उघडायची."